डोंगरातल्या समूहोपचार शिबिराला जावे का?

प्रश्न : माझे वय त्रेचाळीस आहे. दीड वर्षापूर्वी आई गेली आणि त्यानंतर मला नैराश्याचा त्रास सुरू झाला. मानसोपचारतज्ज्ञांच्या गोळ्या चालू असून आता पुष्कळ बरे वाटते. माझ्या नणंदेने मला पाच दिवसांच्या एका निवासी शिबिराचे माहितीपत्रक दिले आहे. शिबिर उंच डोंगरावर भरते, सकाळी समूहोपचार आणि दुपारी कोचिंग असते, आणि पाचही दिवस मोबाइल जमा करावा लागतो. अनोळखी माणसांसमोर मला बोलता येईल का, बोललेले बाहेर जाईल का, आणि मुळात माझ्यासारखीने जावे का?

उत्तर : आपण जाऊ शकता, मात्र जायचे की नाही हे माहितीपत्रक वाचून नव्हे, तर प्रवेश देण्याआधी संयोजक आपल्याला काय विचारतात यावरून ठरवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. समूहोपचार जबाबदारीने घेणारी व्यक्ती प्रत्येकाशी आधी स्वतंत्रपणे बोलते, चालू औषधे, पूर्वीचे आजार, आत्महत्येचे विचार कधी आले होते का आणि सध्याचे डॉक्टर कोण हे विचारते, आणि गरज पडल्यास ‘सध्या येऊ नका’ असेही सांगते. केवळ नाव आणि शुल्क घेऊन जागा पक्की करणाऱ्यांकडे आपण जाऊ नये.

या आग्रहामागे कारण आहे. समूहोपचाराची सुरुवात बहुधा १९०५ या वर्षापासून सांगितली जाते. त्या वर्षी बॉस्टनमध्ये डॉ. जोसेफ प्रॅट यांनी क्षयरुग्णांचे नियमित वर्ग सुरू केले. तेच रुग्ण पुन्हा पुन्हा भेटत राहिले आणि एकमेकांच्या आधाराने सावरू लागले. निवासी शिबिरांची परंपरा मात्र निराळी आहे. १९४७ पासून अमेरिकेतील बेथेल या गावी भरलेल्या प्रशिक्षणवर्गांचा तिच्यावर मोठा ठसा आहे, आणि ते वर्ग आजारी माणसांसाठी नव्हते. आपल्या वागण्याचा इतरांवर काय परिणाम होतो हे निरोगी माणसांनी शिकावे, यासाठी ते होते. पुढे अशा गटांतील अनुभव अधिक तीव्र होत गेले. स्टॅनफर्ड विद्यापीठातील गटांचा जो अभ्यास १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात काही सहभागींना टिकून राहणारी मानसिक हानी झाल्याचे आढळले, आणि आक्रमक, आव्हान देणाऱ्या, सहभागींना घाईने मोकळे करू पाहणाऱ्या नेत्यांच्या गटांत ती अधिक होती. म्हणून आपल्या शिबिरात सकाळचा गट कोण घेणार, त्यांचे शिक्षण कोणते आणि त्यांनी नैराश्याच्या रुग्णांबरोबर काम केले आहे का, हे नावानिशी विचारून घ्यावे.

दुपारच्या कोचिंगविषयी थोडक्यात सांगते. कोचिंग हे ध्येय ठरवणे आणि सवयी बदलणे यांसाठी असते, आजारासाठी नव्हे. १९९५ मध्ये स्थापन झालेल्या इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशनसारख्या संस्था प्रमाणपत्रे देतात, परंतु ती उपचाराचा परवाना ठरत नाहीत. सकाळी आईविषयी बोलून मन उघडे पडलेले असताना दुपारी कोणी ‘पुढच्या वर्षाचे ध्येय लिहा’ म्हणाले, तर ते आपल्याला नकोसे वाटेल आणि तसे वाटणे योग्यच असेल. त्या वेळी न लिहिण्याची मुभा आहे का, हे आधीच विचारा.

बोलण्याच्या भीतीबद्दल एवढेच सांगेन की चांगल्या गटात पहिले एक-दोन दिवस केवळ ऐकणाऱ्यालाही पूर्ण स्थान असते. गट लहान असावा. सात-आठ जणांत प्रत्येकाला वेळ मिळतो, तर पंचवीस-तीस जणांच्या सभेला समूहोपचार म्हणणे मला पटत नाही. आपल्यासारखेच दुःख दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर जो एकटेपणा कमी होतो, तो एकट्याने घेतलेल्या समुपदेशनात सहसा त्याच रीतीने कमी होत नाही, आणि आपण जावे असे मला वाटते ते मुख्यतः याचसाठी. गोपनीयतेबाबत मात्र भ्रमात राहू नये. उपचारतज्ज्ञाला व्यवसायाचे नियम बांधतात, सहभागींना मात्र बहुतांशी त्यांचा शब्दच बांधतो. म्हणून इतर कुणाचे गुपित किंवा बाहेर गेल्यास आपली नोकरी वा संसार अडचणीत येईल अशी गोष्ट गटात सांगू नये. ती आपल्या डॉक्टरांपाशीच बोलावी.

मोबाइल जमा करण्याला माझी हरकत नाही. परंतु घरच्यांना आपल्याशी संपर्क साधता यावा, आपल्याला केव्हाही उठून बाहेर जाता यावे आणि जवळचे रुग्णालय किती अंतरावर आहे हे माहीत असावे. २००९ मध्ये अमेरिकेतील सेडोना येथे अशाच एका आत्मविकास शिबिरात तप्त वाफेच्या बंदिस्त तंबूतील विधीनंतर तिघांचा मृत्यू झाला आणि २०११ मध्ये संयोजकाला निष्काळजीपणाने मृत्यूस कारणीभूत ठरल्याबद्दल दोषी ठरवण्यात आले. त्रास होत असताना बाहेर पडणे म्हणजे माघार घेणे, असे जिथे शिकवले जाते तिथून निघून यावे.

उंचीचाही विचार करा. साधारण २,५०० मीटरच्या वर डोकेदुखी, मळमळ आणि तुटक झोप हा त्रास अनेकांना होतो, आणि झोप मोडली की नैराश्य पुन्हा डोके वर काढू शकते. झोपेची गोळी चालू असेल तर उंचीवर ती घ्यावी का, हे डॉक्टरांना विचारा, कारण काही गोळ्या श्वसन मंद करतात. चालू औषधे कोणाच्याही सांगण्यावरून थांबवू नका आणि परतल्यानंतरच्या आठवड्यातली डॉक्टरांची भेट निघण्यापूर्वीच ठरवून ठेवा.

प्रश्न : माझा धाकटा भाऊ अशा शिबिरातून परतला आहे. तो अतिशय उत्साहात आहे, रात्री फार थोडा झोपतो आणि नोकरीचा राजीनामा देणार म्हणतो. आम्ही आनंद मानावा की काळजी करावी?

उत्तर : त्याची झोप पाहा. शिबिरानंतरचा उत्साह बहुधा काही दिवसांत ओसरतो आणि त्यात माणूस नेहमीसारखा झोपतो. परंतु तीन-चार तास झोपूनही थकवा नसणे, अखंड बोलणे, एका विचारावरून दुसऱ्यावर उड्या आणि पैशांची बेफिकिरी असे असेल, तर तो उन्मादाचा आजार असू शकतो; जागरणामुळे तो काहींमध्ये उफाळतो. अशा वेळी त्याच्याशी वाद घालत बसू नये, एक-दोन दिवसांतच त्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यावे. झोप व्यवस्थित असेल, तर राजीनामा महिनाभर पुढे ढकलण्याची विनंती करा, आणि ती करताना त्याच्या शिबिरातल्या अनुभवाची चेष्टा घरात कोणीही करणार नाही, याची काळजी घ्या.