जेवणानंतरचं गोड: बाहेर मागवावं की घरी करावं?

प्रश्न : आम्ही घरचे आठजण अधूनमधून मटण ताटाला बाहेर जातो. तांबडा-पांढरा रिचवून झाला की पोरं गोडाचं मेनूकार्ड मागतात आणि बिल फुगतं. बाहेर नेमकं काय मागवण्यासारखं असतं आणि काय घरी येऊन खाल्लेलं बरं? – राजारामपुरी

पदार्थ कशामुळे चांगला होतो ते आधी बघा. मोठी भट्टी, मोठा खप किंवा यंत्र लागत असेल तर तो बाहेर खावा. नुसता वेळ आणि चांगलं दूध लागत असेल तर घरी करावा, कारण हॉटेलच्या गडबडीत वेळ हीच एक गोष्ट कुणाकडे नसते.

जिलबी बाहेरचीच. आंबवलेलं पीठ, सपाट बुडाची पसरट कढई, शेजारी कोमट पाक आणि सारखा चाललेला घाणा, एवढं सगळं चार माणसांसाठी मांडण्यात अर्थ नाही. १५ ऑगस्टला आणि २६ जानेवारीला चौकाचौकात जिलबीचे स्टॉल लागतात, तिथली गरम जिलबी ताटाबरोबरच्या गार जिलबीपेक्षा केव्हाही सरस. घोटलेलं आइस्क्रीमही बाहेर खावं. उंच ग्लासातलं कोल्हापुरी ‘कॉकटेल’ दोघांसाठी घरी करू नका. तीन-चार स्वादांचं आइस्क्रीम, जेली, चिरलेली फळं आणि सुकामेवा आणून निम्मं उरतं. दहा माणसं असतील तर मात्र घरीच करा.

बासुंदी, खीर, श्रीखंड, कॅरॅमल पुडिंग हे घरचे पदार्थ. बऱ्याच हॉटेलांत श्रीखंड डब्यातून वाटीत येतं, त्यात स्वयंपाकघराचा हात चमच्यापुरताच. तापलेल्या तव्यावर चुरचुरत येणाऱ्या ब्राउनीचंही तेच. ब्राउनी बहुतेकदा बेकरीतून आलेली असते, पैसे पडतात ते धुराचे. मुलांना धूरच हवा असेल तर आठात दोन मागवा.

वेटरला एकच प्रश्न विचारायचा: “यातलं इथं काय बनतं?” उत्तर चटकन आलं तर ते मागवा. “सगळंच” असं आलं तर पान खा आणि घरी चला.

प्रश्न : हॉटेलातली बासुंदी दाट असते, घरची पातळ होते. जास्त आटवली की कधी फाटते, कधी फ्रिजमध्ये ठेवल्यावर रवाळ लागते. म्हशीचंच दूध वापरते. कुठं चुकतंय? – कसबा बावडा

आधी त्या दाटपणाविषयी. बासुंदी लवकर दाट करायला कॉर्नफ्लोअर, दूध पावडर किंवा कंडेन्स्ड मिल्क वापरतात. कॉर्नफ्लोअरची बासुंदी गार झाल्यावर चमच्यानं थरथरत तुटते आणि टाळूला पिठूळ लेप बसतो. आटवलेली बासुंदी चमच्यावरून संथ ओघळते आणि तिच्यात सायीचे तुकडे दाताला लागतात. शंका असेल तर चमचाभर बासुंदी पाण्यात उकळून पूर्ण गार करा आणि टिंक्चर आयोडीनचा थेंब टाका. निळा-जांभळा रंग आला तर स्टार्च आहे. (हे हॉटेलच्या टेबलावर करू नका, पार्सल आणून करा.)

आता घरची. आठ वाट्यांना २ लिटर म्हशीचं दूध घ्या. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर समोर पिळून मिळणाऱ्या दुधाला फेस असतो. फेस बसू द्या आणि मग मोजा, नाहीतर दोन लिटर म्हणून घेतलेलं दूध कमी भरतं आणि साखर वरचढ होते. हे दूध कच्चं असतं, घरी आणल्यावर लगेच तापवा. पिशवीचं घ्यायचं तर फुल क्रीम घ्या, म्हणजे फॅट किमान ६ टक्के आणि स्निग्धांश सोडून इतर घनपदार्थ ९ टक्के. पिशवीवर ‘होमोजिनाइज्ड’ लिहिलं असेल तर साय कमी धरते. चव येईल, पण तुकडे मिळणार नाहीत.

भांडं जाड बुडाचं आणि पसरट हवं. उंच पातेल्यात वाफेला पृष्ठभाग कमी मिळतो, दूध दीडपट वेळ घेतं आणि तेवढ्यात तळ धरतं. उकळी आली की आच मध्यम करा. दर तीन-चार मिनिटांनी साय कडेला सारा, कडेची साय वाळायच्या आत खरवडून दुधात घ्या. वाळून पापुद्रा झाला की तो पुन्हा मऊ होत नाही, बासुंदीत चिवट कातडं लागतं. तासाभरात दूध निम्म्याहून थोडं कमी, म्हणजे ९०० मिलीच्या आसपास येतं. किती आटलं ते डोळ्यांवर सोडू नका, सुरुवातीलाच लाकडी उलथन्याची दांडी दुधात उभी धरून ओल्या रेषेवर खूण करा.

साखर १२० ग्रॅम, आणि ती अगदी शेवटी. ती विरघळली की बासुंदी एकदम सैल दिसते. इथंच घाबरून बायका आणखी अर्धा तास आटवतात. गरज नाही. पाच-सात मिनिटं उकळा आणि उतरवा, गार झाल्यावर ती आपोआप दाटते. तुमची ‘पातळ’ बासुंदी बहुधा गरम असतानाच पातळ ठरलेली आहे. वेलची आणि जायफळ उतरवल्यावर, चारोळी त्याच्या आधी. सीताफळाचा गर घालायचा तर बासुंदी पूर्ण गार झाल्यावर.

फाटण्याचं कारण दुधाचा आंबटपणा. दूध आटतं तशी त्यातली आम्लताही दाट होते. सकाळचं उरलेलं आणि संध्याकाळचं ताजं एकत्र केलं तर साधं तापवताना काही होत नाही, पण अर्ध्यावर आलं की फाटतं. दोन चमचे दूध वाटीत निम्मं होईपर्यंत उकळून बघा. बारीक कण दिसले तर त्या दुधाचा चहा करा. तळ लागल्याचा वास आला तर खरवडू नका, वरचं दूध तसंच दुसऱ्या भांड्यात काढा.

रवाळपणाचं कारण वेगळं. दुधातली साखर, लॅक्टोज, गार पाण्यात फार विरघळत नाही. दूध एक तृतीयांशाच्या खाली नेलं आणि फ्रिजमध्ये दोन दिवस ठेवलं की तिचे स्फटिक होतात आणि जिभेला वाळू लागते. म्हणून एवढी आटवूच नये. दाट हवी असेल तर अधिक सायीचं दूध घ्या, अधिक आटवू नका. नृसिंहवाडीहून आणलेली बासुंदीही त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी संपवा.

खर्च काढायचा तर वाटीला पाव लिटर दूध आणि १५ ग्रॅम साखर, वर गॅस. तुमच्या घरचा दुधाचा दर घालून बघा आणि मेनूकार्डाशी ताडा.

प्रश्न : गुळाची खीर करताना दूध हमखास फुटतं. गूळ चांगला कोल्हापुरीच असतो. – गडहिंग्लज

गूळ कितीही चांगला असला तरी किंचित आम्ल असतोच आणि उकळत्या दुधात आम्ल पडलं की दूध फुटणार. तांदूळ किंवा गहू पाण्यात पूर्ण मऊ शिजवा. एक वाटी गुळाला पाव वाटी पाणी घालून वेगळा विरघळवा आणि गाळा, खडे आणि चिपाडाचे तंतूही निघतील. शिजलेल्या धान्यात हा गूळ घालून पाच मिनिटं उकळा आणि गॅस बंद करा. खीर बोट सोसेल इतकी निवाली की उकळून कोमट केलेलं दूध ओता. त्यानंतर पुन्हा उकळी आणायची नाही. पाहुणे उशिरा येणार असतील तर दूध वेगळं ठेवा आणि वाढताना मिसळा.

प्रश्न : गुलाबजाम हॉटेलात लुसलुशीत असतात, घरी मधे गाठ राहते किंवा पाकात आक्रसतात. – इचलकरंजी

गाठ राहते ती तेल फार तापल्यामुळे. वरून रंग येतो, आत कच्चं राहतं. २५० ग्रॅम ओलसर, मऊ खवा, ४० ते ५० ग्रॅम मैदा आणि अगदी चिमूटभर सोडा घ्या. खवा आधी तळहातानं एकजीव होईपर्यंत मळा, मैदा नंतर घाला आणि फक्त मिसळा, तिंबू नका. १२-१३ ग्रॅमचे २२ ते २४ गोळे होतील. गोळ्यावर केसाएवढी भेग दिसली तरी तो तळताना फुटणार. हाताला तूप लावून पुन्हा वळा, पीठ कोरडं असेल तर दुधाचा हबका द्या.

तळणाचं तापमान १३० ते १४० अंश. थर्मामीटर नसेल तर पिठाचा कण टाका. तो तळाशी जाऊन सावकाश वर यायला हवा. लगेच उसळला तर गॅस बंद करून दोन मिनिटं थांबा. एक घाणा सात-आठ मिनिटं घेतो. झाऱ्यानं गोळ्यांना न ढोसता तेल गोल फिरवत राहिलं की रंग सगळीकडून सारखा येतो.

आक्रसतात ते पाक घट्ट झाल्यामुळे. घट्ट पाक गोळ्यातलं पाणी ओढून घेतो. ५०० ग्रॅम साखरेला ४५० मिली पाणी, उकळी आल्यावर पाच-सहा मिनिटं, बोटाला चिकट लागला की बस. तार येऊ द्यायची नाही. गोळे गरम आणि पाक सोसवेल इतका गरम असताना एकत्र करा. पाक उकळता असेल तर वरची साल सुटते. दोन-तीन तास मुरू द्या. हॉटेलातले रात्रभर पाकात पडलेले असतात आणि ताटात येण्याआधी गरम होतात, लुसलुशीतपणाचं गुपित म्हणावं तर एवढंच.

प्रश्न : घरची कुल्फी बर्फासारखी कडक होते. आणि मेनूवर आइस्क्रीम लिहून दुसरंच काही देतात का? – शाहूपुरी

कुल्फीत हवा घोटलेली नसते, त्यामुळे ती मऊ ठेवायची ती घनपदार्थांनी आणि साखरेनं. १ लिटर दूध ४५० मिलीपर्यंत आटवा, ५० ग्रॅम खवा फोडून घाला आणि साखर ७० ग्रॅम. साखर कमी केली की जास्त पाणी गोठून मोठे स्फटिक होतात. तब्येतीसाठी निम्मी साखर घालणाऱ्यांच्या हाती बर्फच लागतो. मिश्रण आधी फ्रिजमध्ये गार करा, मग साच्यात भरून झाकण लावा आणि फ्रीजरच्या मागच्या भिंतीलगत ठेवा. जितकं लवकर गोठेल तितके कण बारीक.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: देतात. आइस्क्रीममध्ये दुधाचा स्निग्धांश किमान १० टक्के असावा असा अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा नियम आहे. वनस्पती तेल वापरलेल्या मालाला आइस्क्रीम म्हणता येत नाही, डब्यावर ‘फ्रोझन डेझर्ट’ लिहावं लागतं. पण मेनूकार्ड छापणारा डबा बघत नाही. डबा दाखवायला सांगा, त्यात संकोच कसला? वितळताना तोंडात तेलकट थर राहिला तर संशय धरायला हरकत नाही.

प्रश्न : दोन गुलाबजाम मागवले तरी बिलात सेवाशुल्क! देणं सक्तीचं आहे का? – ताराबाई पार्क

नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार हॉटेलला ते आपोआप बिलात लावता येत नाही. काढून नवीन बिल मागा, नाही दिलं तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा. जीएसटी मात्र द्यावाच लागतो, साध्या रेस्टॉरंटमध्ये तो ५ टक्के असतो. सेवाशुल्क काढलं की त्याच्यावर लावलेला जीएसटीही कमी झाला का, ते नव्या बिलावर तपासा.