मधुमेहाचं मोबाइल अ‍ॅप आधी कोणत्या देशात न्यावं? देशांची तुलना कशी करायची?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या छोट्या टीमनं मधुमेहाच्या रुग्णांसाठी अ‍ॅप तयार केलंय. रोजची साखर, गोळ्या आणि जेवण त्यात नोंदवायचं. भारत, जर्मनी, दुबई आणि आफ्रिकेतला एखादा देश यांतला पहिला कोणता हे ठरवायला तुम्ही लोकसंख्या, मधुमेहींची संख्या आणि स्मार्टफोन असा तीन रकान्यांचा तक्ता केलाय. त्यात भारत सगळ्यांच्या पुढे निघतोय.

माझ्या मते या तक्त्यात दोन रकाने राहिलेत, आणि निर्णय त्यांच्यावरच व्हायला हवा. पहिला: अ‍ॅपचे पैसे कोण देणार? दुसरा: रुग्णानं भरलेले आकडे बघणं हे नेमकं कुणाचं काम आहे? या दोन्ही प्रश्नांना जिथं नावानिशी उत्तर देता येतं, तो देश तुमच्या अ‍ॅपसाठी तयार आहे. फोन किती लोकांकडे आहेत ते त्यानंतर बघा.

मी कोल्हापुरात दवाखाने आणि लॅबसाठी सॉफ्टवेअर करणाऱ्या एका कंपनीत आहे. बाहेरच्या देशांचे नियम कामासाठी वाचावे लागतात आणि इथली ओपीडी रोज डोळ्यांसमोर असते.

जर्मनीची वाट सगळ्यात स्पष्ट आखलेली आहे, म्हणून तिथून सुरुवात करतो. डिसेंबर २०१९ मध्ये तिथं डिजिटल आरोग्यसेवेचा कायदा लागू झाला आणि डॉक्टरांना औषधासारखं अ‍ॅपही चिठ्ठीवर लिहून देता येऊ लागलं. अशा अ‍ॅपना तिथं ‘डिगा’ म्हणतात. औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणारी केंद्रीय संस्था अर्ज तपासते आणि तीन महिन्यांत निर्णय देते. अ‍ॅप यादीत लागलं की रुग्ण ती चिठ्ठी आपल्या आरोग्यविम्याकडे पाठवतो, तिकडून कोड येतो, तो टाकला की अ‍ॅप सुरू. पैसे विमा भरतो. दहातले जवळपास नऊ जर्मन या सार्वजनिक आरोग्यविम्यात आहेत, त्यामुळे एकदा यादीत शिरलात की जवळजवळ अख्खा देश खुला होतो. पहिली अ‍ॅप ऑक्टोबर २०२० मध्ये यादीत आली. त्यांतलं एक कानात सतत आवाज येण्याच्या त्रासासाठी होतं.

मात्र त्या यादीत शिरणं कष्टाचं आहे. अ‍ॅपचा रुग्णाला फायदा होतो हे अभ्यासातून दाखवावं लागतं. पुरावा अजून पुरा नसेल तर आधी एका वर्षासाठी तात्पुरतं घेतात, आणि पुरावा उभा राहिला नाही तर काढून टाकतात. तशी काही अ‍ॅप काढलीही गेली आहेत. पहिल्या वर्षी किंमत कंपनी ठरवते, पुढची विम्याच्या संघटनेशी वाटाघाटी करून ठरते. त्याशिवाय युरोपात २६ मे २०२१ पासून वैद्यकीय उपकरणांचे नवे नियम लागू आहेत. उपचाराचा निर्णय ज्यावर घेतला जाईल अशी माहिती देणारं सॉफ्टवेअर त्यांत बहुतेक वेळा जास्त जोखमीच्या, वरच्या वर्गात जातं, म्हणजे बाहेरच्या मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून घेणं आलं. आणि तुमच्यासाठी सगळ्यात अडचणीची अट माहितीची आहे: रुग्णांची माहिती जर्मनीत, युरोपीय संघात किंवा त्यांनी मान्य केलेल्या मोजक्या देशांतच हाताळता येते. भारत त्या देशांत नाही. म्हणजे इथं बसलेल्या तुमच्या सपोर्टच्या मुलाला जर्मन रुग्णाची नोंद उघडून बघता येणार नाही. हा खर्च आजच हिशेबात धरा.

जर्मनीवर इतकं लिहिण्याचं आणखी एक कारण आहे. २०१५ मध्ये युरोपीय संघातल्या २८ देशांची आरोग्याच्या अ‍ॅपसाठी कोण किती तयार आहे यावर क्रमवारी लावली गेली होती. अ‍ॅपचा धंदा सुरू करणं किती सोपं, नियम कसे, डॉक्टर-दवाखाने संगणकावर किती आलेत, असं बघून. डेन्मार्क, फिनलंड, नेदरलँड्स, स्वीडन आणि ब्रिटन हे पहिले पाच ठरले. जर्मनी त्यांत नव्हता. पाच वर्षांच्या आत त्याच देशात चिठ्ठीवरच्या अ‍ॅपचे पैसे सार्वजनिक विमा भरू लागला, एका कायद्यामुळं. तेव्हा कुठलीही क्रमवारी वाचताना आधी तिचं साल बघा. डेन्मार्कचं वर असणं मात्र समजण्यासारखं आहे. तिथं प्रत्येक नागरिकाला १९६८ पासून एकच ओळखक्रमांक आहे आणि २००३ पासून आरोग्याचं राष्ट्रीय पोर्टल चालतंय. तयारी अशी मुरायला वेळ लागतो.

अमेरिकेचं नाव तुमच्या यादीत नाही, तरी तिथलं एक उदाहरण सांगायलाच हवं. पेअर थेरप्युटिक्स या कंपनीच्या व्यसनमुक्तीच्या अ‍ॅपला २०१७ मध्ये तिथल्या एफडीएची, म्हणजे औषधं आणि उपकरणांच्या नियामकाची, परवानगी मिळाली. परवानगी होती, डॉक्टर चिठ्ठीही लिहीत होते, पण विमा कंपन्या पैसे द्यायला तयार होईनात. एप्रिल २०२३ मध्ये कंपनीनं दिवाळखोरी जाहीर केली. नियामकानं हो म्हणणं आणि कुणीतरी पैसे देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तक्त्यात त्यांना वेगळे रकाने द्या.

आफ्रिकेत तुम्ही स्मार्टफोन मोजताय, पण तिथं जे चाललं ते साध्या फोनवर चाललं. दक्षिण आफ्रिकेच्या सरकारनं २०१४ मध्ये गरोदर बायकांसाठी मॉमकनेक्ट सुरू केलं, ते एसएमएसवर आणि फुकट. रवांडात बेबिल नावाची सेवा २०१६ पासून साध्या फोनवर डॉक्टरांशी गाठ घालून द्यायची, आणि पुढं ती तिथल्या सामुदायिक आरोग्यविम्याशी जोडली गेली. पैसे देणारा होता, डॉक्टर होते, लोकही वापरत होते. २०२३ मध्ये लंडनची मूळ कंपनी बुडाली आणि रवांडातली सेवाही बंद पडली. देश तयार असून चालवणारा कच्चा निघाला तर रुग्णांचं काय होतं, हे तुम्ही जरूर वाचून घ्या.

दुबईबद्दल थोडक्यात: अमिरातीत २०१९ चा कायदा आहे, आरोग्याची माहिती काही अपवाद सोडून देशाबाहेर नेता येत नाही. तिथला भागीदार मिळेपर्यंत तो देश बाजूला ठेवा.

आता भारत. पायाभूत गोष्टी आपल्याकडे खरोखर चांगल्या झाल्यात. फोनवरून डॉक्टरांचा सल्ला घेण्याचे नियम २५ मार्च २०२० ला आले. आयुष्मान भारत डिजिटल मिशन सप्टेंबर २०२१ मध्ये देशभर सुरू झालं आणि आभाचा, म्हणजे प्रत्येकाच्या आरोग्यखात्याचा, चौदा अंकी क्रमांक आला. यूपीआय तर भाजीवालीकडेही आहे. पण माझे ते दोन रकाने भरायला बसा. २०२१-२२ च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार एकूण आरोग्यखर्चातला ३९.४ टक्के लोकांच्या खिशातून जातो. विमा आणि सरकारी योजना मुख्यतः अ‍ॅडमिट झाल्यावर कामाला येतात. मधुमेह म्हणजे ओपीडी, गोळ्या आणि साखर तपासायच्या पट्ट्या. तो खर्च घरचाच. तिथं अ‍ॅपला महिन्याचे पैसे मागायचे म्हणजे गोळ्यांच्या पैशांशी स्पर्धा.

आणि आकडे बघणार कोण? राजारामपुरीतल्या एका ओपीडीत मी नेहमी बघतो ते सांगतो. शाहूवाडीकडून आजी येतात. फोन त्यांचा नाही, शिरोली एमआयडीसीत शिफ्टला जाणाऱ्या मुलाचा आहे. घरी ग्लुकोमीटर आहे. सूनबाई सकाळी साखर तपासते आणि भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटीत लिहिते, ‘उपाशी १८२’, तिथंच खाली दुधाचे लिटर. महिना संपला की मुलगा त्या पानाचा फोटो काढून कंपाउंडरच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो. कंपाउंडर सवड मिळाली तर डॉक्टरांना दाखवतो. या बघण्याचे डॉक्टरांना वेगळे पैसे मिळत नाहीत, कंपाउंडरला तर नाहीतच. तुमच्या तक्त्यात या घरात एक स्मार्टफोन आणि एक मधुमेही दिसेल, म्हणजे एक ग्राहक. पण ज्या बाईला साखर आहे तिच्या हातात फोन नाही, आणि जी नोंद ठेवते तिचा विचार तुमच्या लॉगिनमध्ये नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात स्वतः वापरते असा स्वतःचा मोबाइल असलेल्या स्त्रिया ५४ टक्के होत्या. निम्म्याच्या जरा वर. हा आकडा तक्त्यात घालाच.

तरीही मी तुम्हाला सुरुवात इथंच करा म्हणेन, पण तक्त्यात भारत पहिला आला म्हणून नव्हे. इथं तुम्हाला ओपीडीत जाऊन बसता येतं. अ‍ॅप रुग्णाला विकू नका, दवाखान्याला किंवा लॅबला विका. वीस-पंचवीस मधुमेही नियमित येतात असा एक डॉक्टर गाठा. कॅलेंडरच्या फोटोवरून आकडे उचलता येतील आणि घरातल्या दुसऱ्या माणसाला मराठीत बोलून नोंद करता येईल असं करा. कंपाउंडरला रोज सकाळी फक्त ज्यांची साखर वर गेलीय तेवढीच नावं दिसू द्या. मग नीतिसमितीची मान्यता घेऊन, भारताच्या क्लिनिकल ट्रायल नोंदणीत नोंद करून, सुरुवातीची आणि तीन महिन्यांनंतरची एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) बघा, अ‍ॅप न वापरणाऱ्यांशी तुलना करून. जर्मनीत यावर भागणार नाही, तिथल्या रुग्णांवर पुन्हा अभ्यास करावा लागण्याची शक्यता मोठी आहे. पण तिथल्या डॉक्टरांशी किंवा गुंतवणूकदारांशी बोलायला हातात काहीतरी असेल.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही. तुमचं अ‍ॅप आकडे फक्त साठवतं, की इन्सुलिन किती घ्यायचं तेही सुचवतं? डोस सुचवत असेल तर भारतातही ते वैद्यकीय उपकरण ठरतं. एप्रिल २०२० पासून सॉफ्टवेअरही त्या व्याख्येत आहे, आणि परवान्याचं काम आधी हाती घ्यावं लागेल. तेवढं कमेंटमध्ये लिहा, मग कोणता वर्ग लागू शकतो आणि कागद कुठून सुरू करायचे ते सांगतो.