४के रेंडरसाठी मशीन घेताना

रेंडर म्हणजे थ्रीडी सीनवरून कॉम्प्युटरने एकेक चित्र (फ्रेम) तयार करणं. आधी त्याचा हिशेब मांड. ४के फ्रेममध्ये फुल एचडीच्या चौपट पिक्सेल. सेकंदाला २४ धरल्या तर मिनिटभराच्या १४४० फ्रेम. प्रत्येकीला दोन मिनिटं लागली तरी मशीन सलग ४८ तास तापणार.

ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरच्या सायकल्स या रेंडर इंजिनवर काम करणार असशील, तर प्रोसेसरपेक्षा ग्राफिक्स कार्डावर पैसे घाल, आणि त्यातही व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी) आधी बघ. सीन तिच्यात मावला नाही, की वेगवान कार्डही रखडतं किंवा रेंडर बंदच पडतं. म्हणून मी तरी ८ जीबीच्या नव्या कार्डापेक्षा १२ जीबीचं जुनं आरटीएक्स ३०६० घेईन. (दोन कार्डं लावली म्हणून व्हीरॅमची सहसा बेरीज होत नाही बरं का!) रॅम ३२ जीबी तरी हवीच.

पॉवर सप्लायमध्ये काटकसर अजिबात नको. आणि थेट व्हिडिओ न काढता प्रत्येक फ्रेमची वेगळी पीएनजी फाइल काढ. रात्री वीज गेली तर उरलेल्या फ्रेमपासून पुढे चालू करता येतं.