उपग्रहाच्या नकाशातील जंगल आणि प्रत्यक्षातील जंगल : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या ग्रामसभेला सामूहिक वनहक्क मिळालेले आहेत. व्यवस्थापन आराखड्याच्या बैठकीत उपग्रह प्रतिमांवरून तयार केलेला एक नकाशा आम्हाला दाखवण्यात आला. आमच्या सागवनाचा एक मोठा पट्टा दोन वर्षांत ‘घनदाट’मधून ‘विरळ’ झाल्याचे त्यात दिसते. त्या पट्ट्यात तोड झालेली नाही, हे गावातले सगळे जाणतात. मात्र नकाशाखाली ‘अचूकता ९७ टक्के’ असे छापलेले आहे. अशा नकाशावर आम्ही आक्षेप घेऊ शकतो का? (एक वाचक, धानोरा तालुका, जि. गडचिरोली)

उत्तर : आक्षेप अवश्य घेता येतो, पण ‘नकाशा खोटा आहे’ असे म्हणण्याऐवजी दोन नेमके प्रश्न लेखी विचारावेत. दोन्ही प्रतिमा कोणत्या तारखेच्या आहेत, हा पहिला. ‘घट’ दाखवणाऱ्या वर्गाची स्वतंत्र अचूकता किती आहे, हा दुसरा.

तारखेचा प्रश्न आपल्याकडे फार महत्त्वाचा आहे. हिरवे पान लाल प्रकाश शोषून घेते आणि डोळ्यांना न दिसणारे निकट-अवरक्त किरण मोठ्या प्रमाणात परत फेकते; या दोहोंतील फरकावरून झाडोरा किती दाट आहे याचा अंदाज बांधला जातो. विदर्भातील जंगल पानगळीचे असल्यामुळे नोव्हेंबरमध्ये गच्च भरलेले सागवन फेब्रुवारी-मार्चमध्ये उघडे पडते आणि उपग्रहाला झाडांऐवजी खालचा पाचोळा व माती दिसू लागते. त्यात वणवा लागून गेला असेल, तर जमीन काळी दिसते आणि गोंधळ वाढतो. एक प्रतिमा नोव्हेंबरची व दुसरी फेब्रुवारीची असेल, तर झाडाला कुऱ्हाड न लागताही ‘घट’ उमटते. भारतीय वन सर्वेक्षण १९८७ पासून साधारणतः दर दोन वर्षांनी देशाच्या वनस्थितीचा अहवाल प्रसिद्ध करते. त्यासाठी मुख्यतः पावसाळ्यानंतरच्या, ऑक्टोबर ते डिसेंबरच्या प्रतिमा वापरल्या जातात, त्या याच कारणाने. तेव्हा आकाश निरभ्र असते आणि पानेही झाडावर असतात.

तारखा जुळत असतील, तर तोडीशिवाय दुसरे काही घडले होते का, हेही प्रामाणिकपणे पाहावे. बांबूला सामूहिक फुलोरा आला की बेटेच्या बेटे वाळतात. तिथे दिसणारी घट खरी असते.

आता अचूकतेकडे वळू. ९७ टक्के हा आकडा संपूर्ण नकाशाचा असतो आणि नकाशाचा बहुतांश भाग न बदललेल्या जंगलाचा असतो. तो भाग ओळखणे सोपे असल्यामुळे एकूण टक्केवारी फुगते. समजा, १,००० हेक्टरांच्या नकाशात ९५० हेक्टर ‘कायम’ आणि ५० हेक्टर ‘घट’ दाखवली आहे. तपासणीसाठी ‘कायम’ वर्गात १०० आणि ‘घट’ वर्गात ५० ठिकाणे, चिठ्ठ्या टाकून काढावीत तशी, कोणत्याही पसंतीविना निवडली. ‘कायम’च्या १०० पैकी २ ठिकाणी प्रत्यक्षात घट आढळली आणि ‘घट’च्या ५० पैकी ४० ठिकाणीच ती खरी निघाली. क्षेत्राच्या प्रमाणात हिशेब केला, तर एकूण अचूकता ९७ टक्के येते. परंतु नकाशाने दाखवलेल्या घटीचा पाचवा हिस्सा चुकीचा ठरतो. शिवाय खरी घट ५० नव्हे, तर सुमारे ५९ हेक्टर निघते (४० अधिक ९५० च्या २ टक्के, म्हणजे १९), आणि तिचा जवळजवळ एक तृतीयांश भाग नकाशाला दिसलेलाच नसतो. १०० पैकी दोनच ठिकाणांवर आधारलेला अंदाज पक्का नसतो, म्हणून या ५९ हेक्टरांपुढे ‘अधिक-उणे सुमारे २७ हेक्टर’ असेही लिहावे लागते. ही मर्यादा न देता केवळ टक्केवारी छापणारा नकाशा, माझ्या मते, गावाच्या आराखड्याचा आधार होऊ नये.

पडताळणी ग्रामसभा स्वतः करू शकते, आणि ती करावी असा माझा आग्रह आहे. तपासणीची ठिकाणे नकाशा तयार करण्यासाठी वापरलेल्या ठिकाणांहून वेगळी असली पाहिजेत आणि ती केवळ रस्त्यालगतची नसावीत, कारण रस्त्याकडेचे जंगल आतल्या जंगलासारखे नसते. प्रत्येक ठिकाणी कक्ष क्रमांक (वनविभागाच्या नोंदीतील जंगलाच्या त्या तुकड्याचा क्रमांक), तारीख, चारही दिशांची छायाचित्रे, ताजी किंवा जुनी थुटे आणि वणव्याच्या खुणा नोंदवाव्यात. दाट झाडीत मोबाइलचे स्थान काही मीटरांनी चुकते. सेंटिनेल-२ उपग्रहाचा एक पिक्सेल, म्हणजे प्रतिमेतील सर्वांत लहान चौकोन, १० मीटरांचा आणि आपल्या रिसोर्ससॅटवरील लिस-३ कॅमेऱ्याचा साडेतेवीस मीटरांचा असतो. म्हणून एका झाडाखाली उभे राहून निर्णय न देता आजूबाजूचा परिसर पाहूनच वर्ग ठरवावा. सेंटिनेल-२ च्या २०१५ पासूनच्या प्रतिमा विनामूल्य मिळतात. त्यामुळे दोन्ही वर्षांच्या नोव्हेंबरमधील प्रतिमा गावातील एखाद्या तरुणाला संगणकावर शेजारी ठेवून पाहता येतील.

प्रश्न : माझी तीन एकर संत्र्याची बाग वननकाशात हिरवी दिसते, आणि गावची झुडपी जंगलाची जमीन मात्र त्यात ‘वन’ म्हणून दिसत नाही. असे का? (एक वाचक, वरुड तालुका, जि. अमरावती)

उत्तर : भारतीय वन सर्वेक्षणाच्या व्याख्येनुसार किमान एक हेक्टर सलग जमिनीवर वृक्षछत्राची घनता १० टक्के किंवा अधिक असेल, तर ते वनाच्छादन ठरते, मालकी कोणाची आणि झाडे कोणती, हे पाहिले जात नाही. तीन एकर म्हणजे एक हेक्टरहून थोडे अधिक, त्यामुळे तुमची बाग त्यात मोजली जाते. तुमच्या सातबाऱ्यावर याचा काहीही परिणाम होत नाही. झुडपी जंगल ही महसुली अभिलेखातील नोंद आहे. तिथे छत्र १० टक्क्यांपेक्षा कमी असेल, तर उपग्रह नकाशा ते वनाच्छादनात धरत नाही. त्या जमिनीची कायदेशीर स्थिती मात्र अभिलेख आणि न्यायालयीन निर्णय यांवरूनच ठरते. तेव्हा तिच्याविषयी अर्ज करताना पुरावा म्हणून उपग्रह नकाशा नव्हे, तर जुन्या महसुली नोंदींचा उतारा जोडावा.