नाशिकरोडला उतरल्यावर गावात कसं जायचं: जरा सविस्तर उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जळगावहून आईवडिलांना घेऊन त्र्यंबकेश्वरला यायचं आहे, गाडी रात्री साडेनऊच्या सुमारास नाशिकरोडला पोचते, तिला जोडून शहरात जाणारी बस असते का, आणि परतीच्या संध्याकाळच्या गाडीसाठी त्र्यंबकहून किती आधी निघावं. वर एकांनी "स्टेशनबाहेर बसच बस" असं लिहिलंय. दुपारी बारा वाजता ते खरं आहे. रात्री साडेनऊला नाही.

मी राहायला पंचवटीत आणि नोकरीला मुंबईत. अठरा वर्षं अप-डाऊन केलं, म्हणजे पहाटे निमाणीहून (पंचवटीतलं बसस्थानक) नाशिकरोड आणि रात्री नाशिकरोडहून निमाणी. मुंबईच्या प्रवासापेक्षा या नऊ-दहा किलोमीटरांनीच मला जास्त छळलंय, त्यामुळे लिहिण्याचा थोडा हक्क आहे असं समजतो.

आधी 'जोडून' या शब्दाचं बघू. नाशिकरोडला कुठल्याही गाडीला जोडलेली बस नाही. रेल्वेचं वेळापत्रक वेगळं, शहर बसचं वेगळं, आणि दोघांची एकमेकांशी ओळख नाही. तुमची गाडी तासभर लेट झाली तर तुमच्यासाठी कोणी थांबणार नाही, आणि लवकर आली तर कोणी लवकर सुटणार नाही. दिवसा याने काही बिघडत नाही, कारण एक गेली की दुसरी लागते. रात्री मात्र तेवढ्यावरच सगळं अडतं.

पूर्वी शहर बस एसटीच चालवायची, तेव्हा एक बिनलेखी सोय होती. बसस्थानक स्टेशनच्या दारातच आहे, इतकं जवळ की फलाटावरची घोषणा बाहेर ऐकू यायची. रात्रीच्या शेवटच्या फेरीचे कंडक्टर घोषणा ऐकायचे. गाडी आत शिरतेय असं कळलं की डबल बेल मारायला पाच मिनिटं उशीर करायचे, कारण त्यांना माहीत असायचं की आता पन्नासेक पासधारक धावत येणार. एकदा पावसात आमची गाडी बरीच रखडली, तरी बस उभी होती. चढल्यावर कंडक्टर म्हणाले, "अहो, घोषणा कधीची चाललीये, तुमची गाडीच काही येईना." माझ्या आयुष्यातली 'जोडून असलेली बस' ती एवढीच.

८ जुलै २०२१ पासून शहर बस महापालिकेच्या परिवहन महामंडळाकडे गेली, तीच आपली सिटीलिंक. बस नव्या, बऱ्याचशा सीएनजीवरच्या, आणि ॲपवर बस कुठे पोचली ते दिसतं. हा मोठा फायदा आहे, ॲप घेऊन ठेवाच. पण बस चालवणाऱ्या ठेकेदाराला पैसे मिळतात ते धावलेल्या किलोमीटरमागे. उभ्या बसचे किलोमीटर होत नाहीत. त्यामुळे कान देऊन थांबणारा कंडक्टर आता शोधू नका, त्यात त्या बिचाऱ्याचा काही दोष नाही.

स्टेशन गावापासून इतकं लांब कसं, हा प्रश्न बाहेरून येणाऱ्या प्रत्येकाला पडतो. रेल्वे गावाबाहेरून गेली आणि स्टेशनभोवती नाशिकरोड हे वेगळं गाव वाढलं. नोटांचा छापखाना, सिक्युरिटी प्रेस, सगळं तिकडे. आमच्याकडे अजूनही नाशिकरोडचा माणूस "गावात जाऊन येतो" म्हणतो. हे अंतर जोडायची खटपट जुनीच आहे. १८८९ साली इथे ट्राम सुरू झाली, घोडे ओढायचे, मेनरोडवरच्या जुन्या नगरपालिकेपासून थेट स्टेशनपर्यंत. १९३० च्या दशकात ती बंद पडली. २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात टायरवर चालणाऱ्या मेट्रोसाठी २,०९२ कोटींची घोषणा झाली, तिचा एक मार्ग गंगापूरहून नाशिकरोडलाच येणार होता. तिचं काय झालं ते इथल्या कुठल्याही रिक्षावाल्याला विचारा, भाड्यात सांगेल.

तर आता तुमचा प्रवास. उतरल्यावर मुख्य दाराने, म्हणजे बसस्थानकाच्या बाजूने बाहेर पडा. गर्दीच्या लोंढ्याबरोबर सिन्नर फाट्याच्या बाजूला गेलात तर सामानासकट वळसा पडेल. शहरात जाणाऱ्या बसच्या पाट्या मुख्यतः दोन प्रकारच्या. एक द्वारका चौकावरून: बिटको, दत्तमंदिर, उपनगर, गांधीनगर, द्वारका, मग शालिमार, सीबीएस (शहरातलं मध्यवर्ती बसस्थानक). दुसरी जेलरोडवरून नांदूर नाक्याकडून निमाणीला. तुम्हाला पहिली हवी. निमाणी पंचवटीत आहे. रामकुंड, काळाराम करायचं असेल तर ती बरी, पण त्र्यंबकसाठी उलट्या बाजूला पडते. पाटीवर नुसतं 'निमाणी' वाचून चढू नका, कुठून जाते ते विचारा. द्वारकेवरूनही निमाणीच्या बस आहेत.

दिवसा सीबीएसला पोचायला अर्धा-पाऊण तास धरा. द्वारका अडली तर तास. द्वारकेला मुंबई-आग्रा महामार्ग आणि पुणे रस्ता एकमेकांना छेदतात. वरून उड्डाणपूल गेलाय, पण तो महामार्गाच्या गाड्यांना. आपली बस खालीच, रिक्षा, टेम्पो आणि हातगाड्यांच्या मध्ये.

साडेनऊला उतरणार असाल तर आणखी एक गंमत आहे. साधारण त्याच सुमारास मुंबईहून पंचवटी एक्स्प्रेस येते. तिच्यातून उतरणारे पासधारक म्हणजे आम्ही. कुठला डबा जिन्यासमोर येतो हे आम्हाला पाठ असतं, गाडी पुरती थांबायच्या आत निम्मे जिन्यावर असतात. तुमच्या वडिलांचे गुडघे दुखतात असं लिहिलंय, त्यामुळे या शर्यतीत उतरूच नका. पूल चढावा लागला तर बाकावर पाच मिनिटं बसा, लोंढा जाऊ द्या. मिळालीच एखादी बस तरी उभं राहून जावं लागेल.

म्हणून स्पष्टच सांगतो, रात्री बसच्या नादी लागू नका. रिक्षा करा. मीटरने चला म्हणालात तर समोरचा हसेल, तेव्हा बसायच्या आधी सीबीएसपर्यंतचा आकडा ठरवून घ्या, आणि तो 'सगळ्यांचे मिळून' आहे ना हे दोनदा विचारा. माझ्या मेहुण्यांना ठरलेला आकडा उतरताना 'माणशी' झाल्याचा अनुभव आलाय. फोनवरून रिक्षा बोलावलीत तर चालक पुष्कळदा स्टेशनच्या दारात न येता बिटकोकडे या म्हणतात. सामान आणि म्हातारी माणसं असताना ते परवडत नाही. शेअर रिक्षा स्वस्त आहे, पण चौथा माणूस मिळेपर्यंत हलत नाही, आणि बहुतेक शालिमारला सोडते.

मी तुमच्या जागी असतो तर मुक्काम सीबीएसच्या आसपास केला असता, नाशिकरोडला नाही. सकाळी उठून पुन्हा दहा किलोमीटर कशाला? सीबीएसपासून त्र्यंबक साधारण २८ किलोमीटर, सातपूर, महिरावणी, अंजनेरीवरून, तासाभराचा रस्ता. एसटी आहे, सिटीलिंकही आहे. इथे एक पैशांची गोष्ट. एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे आणि ७५ च्या वरच्यांना प्रवास मोफत. ही सवलत एसटीची, सिटीलिंकची नाही. लाल बस की सिटीलिंक, हे चढायच्या आधी बघा. वडिलांचं आधार कार्ड पिशवीच्या तळाशी नको, वरच्या खिशात ठेवा. फेऱ्या दोन्हींच्या मिळून पुष्कळ आहेत, त्यामुळे सवलतीसाठी दहा-पंधरा मिनिटं थांबलात तरी तोटा नाही.

श्रावणी सोमवार टाळता आला तर टाळा, विशेषतः तिसरा. त्या दिवशी ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेला एवढी माणसं लोटतात की जादा गाड्या सोडूनही चढायला मिळत नाही. आणि २०२७ च्या सिंहस्थाच्या दिवसांत यायचा विचार असेल तर हे माझं उत्तर विसरा. २०१५ ला खासगी वाहनं गावाबाहेरच्या वाहनतळांवर अडवली होती आणि नेहमीचे मार्ग पार बदलले होते.

कोणीतरी देवळालीला उतरायचं सुचवलंय, नकाशात ते त्र्यंबकच्या बाजूला दिसतं म्हणून. जळगावहून येताना देवळाली नाशिकरोडच्या पुढे आहे. तिथे सगळ्या गाड्या थांबत नाहीत, आणि तिथून बस शोधण्यापेक्षा नाशिकरोडहून तिसरी बस मिळून तुम्ही सीबीएसला पोचलेले असाल. लष्करी छावणीत नातेवाईक असतील तरच.

आता परतीचं. लोक चुकतात ते इथेच. येताना उशीर झाला तर जेवण उशिरा होतं, जाताना झाला तर गाडी जाते. त्र्यंबकहून सीबीएस एक तास, मधे बदलाबदलीला वीस मिनिटं, सीबीएसहून नाशिकरोड एक तास, स्टेशनात अर्धा तास. म्हणजे गाडीच्या तीन तास आधी त्र्यंबकच्या बसमध्ये बसलेलं असायला हवं, स्टँडवर उभं राहिलेलं नव्हे. दर्शनाची रांग यात धरलेली नाही. रविवारची संध्याकाळ असेल तर आणखी अर्धा तास, कारण सातपूरला त्र्यंबकहून परतणारे आणि द्वारकेला सगळेच.

सीबीएसहून नाशिकरोडसाठी सिटीलिंक नाहीच दिसली तर सिन्नरकडे जाणारी साधी एसटी बघा, ती नाशिकरोडवरूनच जाते. जवळच्या उतारूला कंडक्टर घेईलच असं नाही, पण गाडी रिकामी असेल तर घेतात, आणि आईंना पुन्हा अर्धं तिकीट. दर्शनानंतर रामकुंडावर जाऊन यायचं असेल तर मग सीबीएसला परत येऊ नका. तिथून निमाणी जवळ आहे, निमाणीहून जेलरोडची बस धरा. अंतर थोडं जास्त पडतं, पण द्वारका लागत नाही. मी शेवटची सहा वर्षं संध्याकाळी कोणाला स्टेशनवर सोडायला जाताना तोच रस्ता धरला.

तुमची परतीची गाडी कोणती ते लिहा. साडेसहाच्या आतली असेल तर त्र्यंबक आणि रामकुंड एकाच दिवशी बसवू नका.