साडीच्या वेबसाइटवर 'खरेदी करा' बटण लाल ठेवावं की हिरवं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ठाण्यात गोखले रोडला पैठणी आणि सिल्क साड्यांचं दुकान आहे, वेबसाइट तयार होतेय. डिझायनर म्हणतो निळा रंग विश्वासाचा, म्हणून सगळी साइट निळी करू. घरचे म्हणतात लाल शुभ, तेव्हा बटण लालच हवं. रंगाच्या मानसशास्त्राप्रमाणे कुठला रंग जास्त विकतो?

एकटा असा कुठलाच रंग विकत नाही. रंग काम करतो तो शेजारच्या रंगांमुळे. लाल बटणाला हिरव्यापेक्षा २१ टक्के जास्त क्लिक मिळाल्याची हबस्पॉट या मार्केटिंग सॉफ्टवेअर कंपनीने छापलेली चाचणी सगळीकडे सांगितली जाते, पण त्या पानाची बाकीची सजावटही हिरवीच होती. हिरव्यात हिरवं बटण मिसळून गेलं आणि लाल उठून दिसलं, एवढा सरळ अर्थ त्यातून निघतो. 'खरेदीचा ९० टक्के निर्णय रंगावर होतो' हे वाक्यही असंच फिरतं. ते 'मॅनेजमेंट डिसिजन' या नियतकालिकातल्या २००६ च्या एका आढावा-लेखावरून आलंय. त्यात ६२ ते ९० टक्के असा आकडा आहे, तोही पहिल्या नजरेत बनणाऱ्या मताबद्दल. बिल फाडण्याबद्दल नव्हे.

तुमच्या धंद्यात तर पानावरचा सगळ्यात मोठा रंग म्हणजे साडीच. निळ्या पार्श्वभूमीवर आंबा रंग जास्त भडक दिसतो आणि चिंतामणी फिका पडतो. म्हणून पार्श्वभूमी पांढरी किंवा अगदी हलकी राखाडी ठेवा, अक्षरं जवळजवळ काळी. दुकानाची ओळख म्हणून एकच रंग घ्या, समजा गडद मरून (संगणकाच्या ० ते २५५ मापात लाल ११०, हिरवा १५, निळा ४०), आणि तो बोधचिन्ह व मुख्य बटण यांच्यापुरताच राखून ठेवा. मेनू, रेषा, सवलतीची पट्टी सगळीकडे तोच मरून सांडला की बटण पुन्हा गर्दीत हरवतं. भडक लाल मात्र चुकीचा पिन कोड, अपुरा पत्ता अशा सूचनांसाठी सोडा. घरच्यांचं शुभ लाल मरूनमध्ये येतंच.

व्हॉट्सअ‍ॅपचं तरंगतं हिरवं वर्तुळ बहुतेक जण विचार न करता लावतात. मग एकाच पडद्यावर दोन बटणं लक्ष मागत बसतात. आधी ठरवा, ऑर्डर नक्की कुठे घ्यायची आहे. व्हॉट्सअ‍ॅपवरच घेत असाल तर तेच मुख्य बटण करा. नाहीतर ते साध्या राखाडी चौकटीत खाली न्या. आणि त्या हिरव्यावर पांढरी अक्षरं लिहू नका. त्यांचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षरं आणि मागचा रंग यांच्या उजळपणातला फरक, जेमतेम २ : १ भरतो.

या आकड्याला मी रंगाच्या निवडीपेक्षा जास्त महत्त्व देतो. वेब सुगम्यतेच्या (साइट सगळ्यांना वापरता यावी यासाठीच्या) मानकात साध्या मजकुरासाठी किमान ४.५ : १ आणि मोठ्या अक्षरांसाठी ३ : १ लागतो. साड्यांच्या साइटवर हमखास दिसणारी पांढऱ्यावरची सोनेरी अक्षरं (२१२, १७५, ५५) २.१ वरच अडकतात. तीच सोनेरी वरच्या मरूनवर ५.७ देते, आणि पांढरी अक्षरं जवळजवळ १२. ठाणे स्टेशनच्या पुलावर उन्हात फोन बघणाऱ्या बाईंना २.१ चा भाव वाचता येणार नाही. कॉन्ट्रास्ट मोजणारी मोफत साधनं ब्राउझरमध्येच मिळतात. घाईची परीक्षा हवी असेल तर फोनचा पडदा सेटिंगमधून कृष्णधवल करा. तरीही बटण पहिल्या नजरेत सापडलं पाहिजे. 'शिल्लक' आणि 'संपली' नुसत्या हिरव्या-लाल ठिपक्यांनी दाखवू नका, शब्द लिहा. लाल-हिरव्यात गल्लत होणारी माणसं कमी नाहीत, पुरुषांत तर जास्तच, आणि बायकोसाठी साडी घेणारे तेच असतात.

आता खरा पैसा जिथे जातो ते: फोटोतला रंग. 'दाखवला तसा आला नाही' म्हणून परत येणारी साडी कुठल्याही बटणापेक्षा महाग पडते. दुकानातले पिवळे दिवे आणि दारातून येणारा उजेड एकत्र झाले की एकाच साडीवर दोन छटा दिसतात, आणि त्या नंतर सुधारता येत नाहीत. एकच उजेड ठेवा: थेट ऊन नसलेली खिडकी, किंवा दिवसाच्या उजेडासारखे पांढरे, म्हणजे ५००० ते ५६०० केल्विनचे आणि सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचं माप) ९५ च्या पुढचे दोन एलईडी पॅनल. चौकटभर मरून साडी आली की कॅमेऱ्याचा ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाप्रमाणे रंग आपोआप जुळवणारी सोय, फसतो. लाल जास्त झालाय असं समजून तो चित्र थंड, म्हणजे निळसर करतो. म्हणून पहिला फोटो साडीवर ग्रे कार्ड (रंग जुळवण्यासाठीचा राखाडी पुठ्ठा) ठेवून काढा आणि त्यावरूनच त्या उजेडातल्या सगळ्या फोटोंचा व्हाइट बॅलन्स बसवा. राणी, डाळिंबी अशा रंगांत लाल चॅनल (फोटोतला लाल रंगाचा हिस्सा) आधी भरून जातो, बुट्टी सपाट होते. तिथे एक्स्पोजर अर्धा स्टॉप खाली घ्या, म्हणजे फोटो थोडा गडद काढा. आयफोनवर काढलेले फोटो डिस्प्ले पी३ या जास्त रंग सामावणाऱ्या प्रकारात असतात, साइटवर चढवण्याआधी ते एसआरजीबी या वेबवरच्या नेहमीच्या प्रकारात बदला.

धूपछाव साडी एका फोटोत मावतच नाही. उभा धागा एका रंगाचा, आडवा दुसऱ्या, कोन बदलला की रंग बदलतो. दोन कोनांतले फोटो आणि पदर हलवून दाखवणारी १० सेकंदांची चित्रफीत द्या. जरीलाही तेच लागू. एवढं करूनही रात्री अनेकांच्या फोनचा पडदा पिवळसर मोडवर असतो. त्यामुळे रंग शब्दांत लिहाच: 'अंजिरी, काठ मोरपंखी'. फिल्टरमध्येही मोरपंखी, शेवाळी, वांगी, राणी अशीच नावं ठेवा. बायका त्याच नावांनी शोधतात.

दोन रंगांची बटणं लावून चाचणी घ्यायचा सल्ला तुम्हाला मिळेल. हिशोब बघा. शंभरात दोन जण खरेदी करत असतील आणि ते २.४ होतात का हे खात्रीने पकडायचं, तर प्रत्येक रंगाला साधारण २१ हजार भेटी लागतात. रोज १०० लोक येणाऱ्या साइटला वर्षाहून जास्त. तोवर मायक्रोसॉफ्ट क्लॅरिटी हे लोक साइटवर काय करतात ते दाखवणारं साधन मोफत लावा आणि लोक बटणापर्यंत पोहोचतात का ते बघा.

जाहिरातीत मात्र रंगाचे अर्थ खरोखर चालतात, कारण ते इथल्या सणांनी ठरवलेले आहेत. एरवी शुभकार्याला टाळला जाणारा काळा संक्रांतीला सगळ्यात जास्त मागितला जातो, तेव्हा काळ्या साड्या डिसेंबरच्या मध्यापासून दाखवा. नवरात्रात लोकलचा लेडीज डबा रोज एका रंगाचा असतो. त्या नऊ रंगांचा क्रम दरवर्षी बदलतो, म्हणून यादी जाहीर झाली की रंगानुसार नऊ पानं तयार करा. त्या त्या रंगाची जाहिरात त्या दिवशी दाखवून उपयोग नाही; ब्लाउज शिवायला वेळ लागतो, निदान तीन आठवडे आधी सुरू करा. जाहिरातीतली साडी पान उघडल्यावर सगळ्यात वर, त्याच फोटोत दिसली पाहिजे.