तिघांनी एकच संग्रह करा, आणि मे महिन्यात खरेदीला जाऊ नका

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. काकांच्या माळ्यावर फिलिप्सचा जुना रेकॉर्ड प्लेअर आणि अकरा इंग्रजी रेकॉर्डी सापडल्या. तुम्ही तिघं मित्र तिवस्याचे, सहा हजार रुपये जमवलेत, परीक्षा आटोपली की मे महिन्यात मुंबईला जाऊन रॉकच्या रेकॉर्डी घ्यायच्या म्हणता. दुकानदार फसवेल ही धास्ती आहे, आणि मोबाइलवर सगळं फुकट असताना हे कशाला, असं घरचे विचारतात. मी वरूडचा, कृषी केंद्र चालवतो. दोन मित्रांसोबत गेली तीस वर्षं हेच करतो आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी हे ठरवा की तिघांचे तीन संग्रह होणार नाहीत, एकच होईल. मुंबई-पुण्यात एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती मिळू शकतात. आपल्याकडे वर्षाकाठी रॉकच्या चार धड रेकॉर्डी हाती लागल्या तर साल चांगलं गेलं म्हणायचं. त्या चारांवर तिघांचा डोळा असला की दोन वर्षांत बोलणं बंद होतं, हे मी दुसऱ्या एका मित्रमंडळात पाहिलं आहे. आम्ही १९९४ साली दोनशे पानी वही घातली. रेकॉर्ड कोणती, कुठून आणली, कितीला, पैसे कुणी दिले, अवस्था कशी, इतकंच लिहायचं. पैसे कुणाचेही असोत, रेकॉर्ड तिघांची. कुणी गाव सोडलं तर त्यानं दिलेल्या पैशांइतक्या रेकॉर्डी त्यानं निवडून न्यायच्या, हे पहिल्याच पानावर लिहून सह्या केल्या आहेत. अजून कुणी गेलेलं नाही.

कामंही आपोआप वाटली गेली. एक मित्र शाळामास्तर, त्याला कोणत्या बँडचा कोणता अल्बम कोणत्या साली आला हे तोंडपाठ. दुसरा मोटार वाइंडिंगचं दुकान चालवतो, त्याची नजर अशी की रेकॉर्ड उजेडात धरली की ती किती वाजली असेल हे तो सांगतो. भाव करायचं काम माझं. दोघांपैकी कुणाला काही आवडलं तर त्यांनी गप्प राहून ती रेकॉर्ड ढिगात परत ठेवायची आणि वरच्या दुसऱ्याच रेकॉर्डचा भाव मला विचारू द्यायचा. विकणाऱ्यासमोर "अरे, ही मिळाली!" असं ओरडलात की तिथेच भाव दुप्पट होतो.

आता मुंबईच्या आधी आपलं घरचं बघा. विदर्भात रॉकच्या रेकॉर्डी कुठे निघतात? जिथे बदलीवर आलेली माणसं राहिली तिथे. बडनेरा-अजनीच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये, कामठीच्या छावणीत, पुलगाव, भद्रावती आणि भंडाऱ्याच्या जवाहरनगरसारख्या दारूगोळ्याच्या वसाहतींत, वणी-बल्लारपूरच्या कोळसा पट्ट्यात, जुन्या मिशन दवाखान्यांच्या बंगल्यांत. साहेब निवृत्त होतो, क्वार्टर रिकामं होतं, आणि रेकॉर्डी रद्दीसोबत कबाड्याकडे जातात. कबाड्याला तबकडीचं काही नसतं, तो पुठ्ठा तोलतो. अशा गावांतल्या दोन-तीन कबाड्यांशी ओळख ठेवा, आपला नंबर देऊन ठेवा, दिवाळीत जाऊन भेटा. मोठ्या शहरातल्या दुकानापेक्षा ही ओळख जास्त देते.

बडनेऱ्याचीच गोष्ट सांगतो. नव्वदच्या दशकाचा शेवट असेल. कबाड्याच्या हातगाडीवर एका पोत्यात पन्नासेक एलपी, म्हणजे अख्खा अल्बम मावणाऱ्या मोठ्या रेकॉर्डी, होत्या. वरती नेहमीचंच: बोनी एम आणि आबा हे परदेशी बँड, शोलेच्या संवादांची पॉलिडोर कंपनीची रेकॉर्ड. हे तिन्ही तुम्हाला प्रत्येक ढिगात भेटतील. खाली डीप पर्पल या रॉक बँडची 'मशीन हेड' निघाली, १९७२ ची. मास्तर गप्प, पण त्याचे कान लाल झालेले मला दिसत होते. मग एक कव्हर आलं, त्यावर ना नाव ना गाव. उखडलेल्या रंगाच्या भिंतीवर एक तसबीर टांगलेली, आणि तसबिरीत पाठीवर काटक्यांची मोळी घेतलेला वाकलेला म्हातारा. कबाडी म्हणाला, "हे शेतीभातीचं काही दिसते, हे असंच घेऊन जा." ती लेड झेपेलिनची चौथी एलपी होती, १९७१ ची. त्यांनी मुद्दामच कव्हरवर बँडचं नाव छापलं नव्हतं. मास्तर नसता तर मी ती परत पोत्यात टाकली असती.

मी पैसे काढत होतो तेवढ्यात वाइंडिंगवाला म्हणाला, "भाऊ, अंदर पाह्य ना, कव्हर कायले पाह्यतं?" काढून बघतो तर आत भजनांची रेकॉर्ड! कबाड्याचा काही दोष नव्हता, घरच्याच कुणीतरी कधीतरी अदलाबदल केली असणार. मग आम्ही तिघं तिथेच रस्त्यावर उकिडवे बसलो आणि पन्नासच्या पन्नास कव्हरं उघडली. शेवटून तिसऱ्या कव्हरात, एका हिंदी सिनेमाच्या, ती तबकडी सापडली. त्या दिवसापासून आमचा नियम आहे की रेकॉर्ड बाहेर काढून लेबल वाचल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत, आणि एक रेकॉर्ड चुकीच्या कव्हरात निघाली तर अख्खा ढीग तपासायचा.

तपासायचं कसं? रेकॉर्ड दोन्ही तळव्यांत कडेनं धरा, खाचांना बोट लावू नका. उजेडाकडे तिरपी करा. केसासारखे बारीक ओरखडे बहुतेक वेळा ऐकू येत नाहीत. नखाला लागणारा ओरखडा मात्र वाजतो, दर फेरीला एक 'टक्'. मग डोळ्याच्या रेषेत आडवी धरून फिरवा, वाकली असेल तर लगेच दिसतं. शेवटी मधलं भोक बघा. भोकाभोवतीच्या लेबलवर चमकदार रेघांचं जाळं असेल तर ती खूप वेळा प्लेअरवर ठेवली गेली आहे. जुन्या प्लेअरच्या पिना खाचेवर जड दाबत, काही तर पाच-सहा ग्रॅम वजन देत, त्यांनी खाच आतून झिजते. अशी रेकॉर्ड वरून चकचकीत दिसते आणि वाजवली की मोठ्या आवाजाला फाटते.

फोनवरून घेणार असाल तर एक ध्यानात ठेवा. रेकॉर्डची अवस्था सांगायची जगभर ठरलेली भाषा आहे: उतरत्या क्रमानं मिंट, निअर मिंट, व्हीजी प्लस, व्हीजी (म्हणजे व्हेरी गुड), गुड. यातलं 'गुड' म्हणजे चांगली नव्हे. 'गुड' म्हणजे खरखर भरपूर, फक्त अडकत नाही इतकंच. नवखे इथे हमखास पैसे घालवतात.

कमी पैशात व्हीजी अवस्थेची घ्यायची असेल तर बँड बघून ठरवा. 'मशीन हेड'सारख्या दणक्याच्या रेकॉर्डमध्ये थोडी खरखर गिटारखाली दबून जाते. पिंक फ्लॉइडचं तसं नाही. 'विश यू वेअर हिअर' हळूच, अगदी दबक्या सुरात सुरू होते, तिथे धुळीचा कणसुद्धा ऐकू येतो. पिंक फ्लॉइड घ्यायची तर चांगल्या अवस्थेतलीच घ्या, नाहीतर थांबा.

आणि आता मे महिन्याचं. 'विश यू वेअर हिअर'वरूनच आठवलं, कारण ती आमच्या हातानं बिघडली. मुंबईहून विदर्भ एक्स्प्रेसनं बडनेऱ्याला उतरलो, अमरावतीहून वरूडची एसटी धरली. मे महिना, दुपारचे दोन. पिशवी मी मागच्या सीटवर काचेला टेकवून ठेवली आणि मला झोप लागली. मोर्शीला जाग आली तेव्हा पिशवीवर ऊन होतं. घरी येऊन काढली तर तिची कड पापडासारखी वर आलेली. रेकॉर्ड म्हणजे पीव्हीसी, साठ अंशांच्या आसपास ते मऊ पडायला लागतं. सावलीत ४५ असेल तर उन्हातली काच आणि बंद पिशवी तिथवर सहज पोचते. मास्तर मला एक शब्द बोलला नाही, म्हणून मला जास्त वाईट वाटलं. वाइंडिंगवाल्यानं ती दोन जाड काचांमध्ये ठेवून, वर वजन देऊन, सकाळच्या कोवळ्या उन्हात तापवली आणि काचांसकट सावलीत थंड होऊ दिली. तीन सकाळी हे केलं. आज ती वाजते, पण पहिल्या दोन मिनिटांत पिन वर-खाली होते आणि सूर हेलकावतो. आम्ही ती बदलली नाही. तुम्ही हा प्रयोग करणार असाल तर आधी आबाची जास्तीची प्रत घेऊन करा.

म्हणून मुंबईला जायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. कुरिअरनं मागवायचं तरी तेव्हाच. चोर बाजारात मटन स्ट्रीटवरची दुकानं शुक्रवारी बंद असतात, त्या दिवशी पहाटे रस्त्यावर जुमा बाजार भरतो. दुकानं हवीत तर शुक्रवार टाळा. काळा घोड्याचं ऱ्हिदम हाऊस २०१६ मध्ये बंद झालं, जुन्या लोकांच्या सांगण्यावरून तिथे जाऊ नका. पुण्याला नातेवाईक असतील तर बुधवारी किंवा रविवारी जुना बाजार बघा. रेकॉर्डी परत आणताना उभ्या ठेवा, आणि वजनाचा अंदाज घ्या: कव्हरसकट एक एलपी पाव किलोच्या आसपास भरते, चाळीस घेतल्या तर दहा किलो झाले.

घरी ठेवतानाही उभ्याच. एकावर एक रचल्या की खालच्या वाकतात. पश्चिमेची भिंत नको, टिनाचं छप्पर नको, माळा तर मुळीच नको. काकांच्या त्या अकरा रेकॉर्डी आजच खाली आणा. कूलरचा झोतही अंगावर नको, त्या ओलाव्यानं कव्हरं भादव्यापर्यंत बुरशी धरतात. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे घ्या, नाहीतर उधई आधी पुठ्ठा खाते आणि मग तुम्हाला कळतं. धुवायला बॅटरीत टाकायचं शुद्ध पाणी, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब, मऊ कापड, आणि खाचेच्या दिशेनं गोल पुसायचं. नंतर नुसत्या शुद्ध पाण्यानं परत पुसा. लेबल भिजू देऊ नका. अकरात एखादी जड, ७८ फेऱ्यांची लाखेची असेल तर तिला स्पिरिट अजिबात लावू नका, लाख विरघळते.

प्लेअरचं थोडक्यात. जुनी पिन वापरून एकही रेकॉर्ड वाजवू नका, आधी नवी बसवा. लोडशेडिंग असताना इन्व्हर्टरवर लावून बघा, काही जुन्या मोटारी त्यावर घूं-घूं करतात. व्होल्टेज कमी-जास्त झाल्यानं गाणं सहसा हळू होत नाही, जुन्या एसी मोटारीचा वेग बराचसा विजेच्या ५० हर्ट्‌झवर चालतो. पण अमेरिकेतून कुणी तिथल्या ६० हर्ट्‌झवरचा आणून दिला तर घेऊ नका, तो आपल्याकडे ३३ १/३ ऐवजी मिनिटाला २८ च्या आसपास फेऱ्या घेतो आणि सगळे गायक आजारी वाटतात.

सहा हजारांत काय घ्यावं? नवी परदेशी एलपी हल्ली दोन हजारांच्या पुढेच असते, तशा दोन-तीनच येतील. मी तुमच्या जागी असतो तर कोलकात्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात छापलेल्या जुन्या भारतीय प्रती शोधल्या असत्या. लेबलच्या कडेला बारीक अक्षरात ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडिया असं असतं. बीटल्स, रोलिंग स्टोन्स, डीप पर्पल यांच्या अशा प्रती अजून मिळतात. पहिल्या खेपेला पाच-सहा घ्या, हजार रुपये पिन आणि रेकॉर्डचं ताट फिरवणाऱ्या बेल्टसाठी मागे ठेवा.

घरच्यांना काय सांगायचं ते मास्तरानं आमच्या घरी सांगितलं होतं तेच सांगतो. हे संगीत आपल्यापासून दूरचं नाही. क्वीन बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या शाळेत शिकला. बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसननं जानेवारी १९६८ मध्ये मुंबईत एचएमव्हीच्या स्टुडिओत आपल्या वादकांकडून सतार, शहनाई, संतूर वाजवून घेतली आणि ती त्याच्या 'वंडरवॉल म्युझिक'मध्ये आहे. माझ्या वडिलांनी ती शहनाई ऐकली आणि रेकॉर्ड पलटून परत लावायला सांगितली. त्यानंतर त्यांनी आम्हाला कधी काही विचारलं नाही. मोबाइलवर मी पण ऐकतो, दुकानात दिवसभर चालूच असतं. पण रविवारी संध्याकाळी मास्तराच्या ओसरीवर एक बाजू संपते, कुणीतरी उठून पलटवतो, आणि त्या अर्ध्या मिनिटात जे बोलणं होतं त्यासाठी आम्ही तीस वर्षं जमतो आहोत.

नोव्हेंबरात आंबिया संत्र्याची तोड सुरू असते, तेव्हा या वरूडला. प्लेअर सोबत आणा. त्याआधी ताट उचलून खाली बघा, बेल्ट आहे की रबरी चाक. बेल्ट असेल तर तो ज्या वाटेनं फिरतो ती दोऱ्यानं मोजून सेंटीमीटरमध्ये मला कळवा, म्हणजे त्याहून थोडा आखूड बेल्ट वाइंडिंगवाला आधीच मागवून ठेवेल. आणि त्या अकरा रेकॉर्डींची नावं लिहून पाठवा. लेबलवरची, कव्हरवरची नव्हे.